टॅबमध्ये जीपीएसच नाही, आणि खुलासा मागताय ताईंकडे?

आपल्या तालुक्यात सध्या एका नव्या गुन्ह्याची चर्चा आहे. गुन्ह्याचं नाव ‘लोकेशन बंद ठेवणे’. आरोपी कोण? तर वाडीवस्तीवर पायी फिरून घरोघरची माहिती गोळा करणाऱ्या मानधनावरच्या ताई. पुरावा काय? सरकारी टॅबच्या स्क्रीनवर आलेला ‘लोकेशन उपलब्ध नाही’ हा मेसेज. आणि शिक्षा? त्या दिवसाची फिरती धरायची नाही, फिरती नाही म्हणून मानधनात कपात, आणि वर तीन दिवसांत लेखी खुलासा.

एसटी स्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. गेल्या दीड महिन्यात यातले अकरा टॅब माझ्या टेबलावर आले. खात्याचं नाव, टॅबच्या कंपनीचं नाव आणि टॅब कोणी आणले ते मी लिहिणार नाही. कृपया कमेंटमध्येही कोणी लिहू नका. नाव बाहेर आलं की साहेबांच्या आधी ताईंना त्रास होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या यंत्रात जागा ओळखायचा भागच बसवलेला नाही, ते यंत्र हातात देऊन ‘जागा दाखव, नाहीतर पैसे कापतो’ म्हणणं हा अन्याय आहे. यात चौकशी व्हायचीच असेल तर टॅब विकत घेणाऱ्या टेबलापासून सुरू व्हावी. आता हे मी कशाच्या जोरावर म्हणतोय ते सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा. आज ताईंचं आहे, उद्या तुमच्या घरकुलाचं आणि तुमच्या पिकाच्या नोंदीचं आहे.

आधी जीपीएस म्हणजे काय ते समजून घेऊ

बऱ्याच जणांना, आणि मला वाटतं बऱ्याच साहेबांनाही, जीपीएस म्हणजे इंटरनेटसारखी काहीतरी सोय वाटते. रेंज आली की जीपीएस आलं, रेंज गेली की गेलं. तसं नसतं.

पृथ्वीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसेक उपग्रह फिरत असतात. ते सतत वेळेचा आणि आपल्या जागेचा संदेश खाली सोडतात. आपल्या मोबाइलमधला किंवा टॅबमधला जीपीएस रिसीव्हर तो संदेश फक्त ऐकतो, रेडिओसारखा. किमान चार उपग्रहांचा आवाज नीट ऐकू आला की त्यावरून हिशेब करून तो आपली जागा काढतो. त्यासाठी सिम लागत नाही, नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. नेटचा उपयोग एवढाच की कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती पटकन उतरवून घेता येते आणि जागा लवकर सापडते. नेट नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते. त्याला मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं जातात. बरेच दिवस बंद असलेल्या टॅबला दहा-बारा मिनिटंही लागू शकतात. पण जागा सापडते.

सापडते, जर आत रिसीव्हर असेल तर!

कान नसलेल्या माणसाला कितीही मोठ्याने हाक मारा, तो वळणार नाही. टॅबचंही तसंच. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक टॅबमध्ये जीपीएसचा रिसीव्हर असतोच असं नाही. ॲपलचा महागडा आयपॅड घेतला तरी फक्त वाय-फायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्या मॉडेलमध्ये असतं. हे काही गुपित नाही, कंपनी स्वतःच्या माहितीपत्रकात लिहिते. अँड्रॉइड टॅबमध्ये काही वाय-फाय मॉडेलना असतं, काहींना नसतं. त्यामुळे विकत घेताना माहितीपत्रकातली ती एक ओळ वाचावी लागते.

टेबलावर काय निघालं

अकरापैकी आठ टॅब एकाच मॉडेलचे, या वर्षीच्या खरेदीतले. कडेला सिमच्या जागी नुसतं झाकण आहे, आत ट्रे नाही. म्हणजे वाय-फायचं स्वस्त मॉडेल. मी उपग्रह दाखवणारं एक मोफत ॲप टाकलं आणि दुकानाच्या गच्चीवर, वर काहीही आडवं नसताना, आठही टॅब अर्धा तास ठेवले. शेजारी माझा स्वतःचा जुना मोबाइल ठेवला. मोबाइलवर मिनिटाभरात उपग्रहांची रांग लागली. आठ टॅबवर एकही उपग्रह नाही. मग मॉडेल नंबरवरून कंपनीचं माहितीपत्रक काढलं. वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, दोन कॅमेरे आहेत. जीपीएसचा उल्लेखच नाही. विषय संपला.

सेटिंगमध्ये ‘लोकेशन’चं बटण मात्र या टॅबमध्येही आहे. ते चालूही होतं, वर खूणही येते. म्हणूनच साहेब म्हणतात, ‘बटण तर आहे ना? मग तुम्हीच बंद ठेवता.’ ते बटण अँड्रॉइडचं आहे, सगळ्या टॅबना सारखंच येतं. भिंतीवर पंख्याचं बटण आहे म्हणून छताला पंखा असतोच का?

उरलेले तीन टॅब जुन्या खरेदीतले होते. त्यांच्यात जीपीएस होतं. एकात ॲपला परवानगी देताना ‘अचूक’ऐवजी ‘अंदाजे’ लोकेशन निवडलं गेलं होतं. अँड्रॉइड १२ पासून हे दोन पर्याय वेगळे आलेत, आणि ‘अंदाजे’ म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा अंदाज. आपल्याकडे तेवढ्यात तीन वाड्या बसतात. दुसऱ्यात बॅटरी वाचवायचा मोड कायम चालू होता, त्यामुळे स्क्रीन बंद झाली की लोकेशनही बंद व्हायचं. हे दोन मी पाच मिनिटांत नीट करून दिले, पैसे घेतले नाहीत. तिसऱ्याची स्क्रीन पूर्वी कुठेतरी बदलली होती आणि बदलताना अँटेनाची बारीक पट्टी तुटलेली होती. तोही दुरुस्त होण्यासारखा होता, झाला.

म्हणजे अकरापैकी तीन टॅब दुरुस्त झाले, आठ होणारच नाहीत. त्या आठात बिघाड नाहीच, दुरुस्त काय करणार?

आणि या अकराच्या अकरा ताईंना एकाच मजकुराची नोटीस गेली आहे. फक्त नाव बदललंय. एकाही टॅबची तांत्रिक तपासणी नोटिशीआधी झालेली नाही. तपासणी माझ्या दुकानात झाली, तीही ताईंनी स्वतःहून आणली म्हणून.

मग ट्रेनिंगला कसं चाललं?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला, ताईंनीसुद्धा. ‘दादा, ट्रेनिंगच्या दिवशी तर सगळ्यांचं लोकेशन बरोबर आलं होतं.’ आलंच असणार. खरी गोम इथेच आहे.

जीपीएस नसलेला टॅब जागेचा अंदाज दुसऱ्या मार्गाने बांधतो. आजूबाजूला कोणकोणते वाय-फाय राउटर दिसतात ते तो पाहतो आणि नेटवरून विचारतो की हे राउटर कुठे आहेत. तालुक्याच्या गावी सभागृहाच्या आसपास बँक आहे, पतसंस्था आहे, कॉलेज आहे, चार हॉटेलं आहेत. राउटरच राउटर. त्यामुळे टॅबने छातीठोकपणे सांगितलं की आपण सभागृहात आहोत. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, टॅब वाटले गेले.

आता तोच टॅब घेऊन ताई डोंगराच्या कडेला असलेल्या धनगरवाड्यावर गेल्या. सहा घरं, एक विहीर, एकही राउटर नाही. टॅबला ओळखीचं काहीच दिसत नाही. नेट हवं म्हणून ताईंनी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला, स्वतःच्या रिचार्जवर. पण या टॅबला हॉटस्पॉटवरून इंटरनेट मिळतं, मोबाइलमधलं जीपीएस मिळत नाही. मग टॅब एक तर ‘लोकेशन उपलब्ध नाही’ म्हणतो, नाहीतर आधीची शिळी जागा दाखवतो. एका ताईंच्या नोंदी अशाच तालुक्याच्या बाजारपेठेत पडल्या. त्यांच्यावर ठपका काय, तर ‘बाजारात बसून खोट्या नोंदी केल्या’. त्या दिवशी त्या किती किलोमीटर चालल्या ते त्यांच्या चपलांना विचारा.

जे यंत्र वाडीवर चालवायचं, त्याची चाचणी सभागृहात घेतली. नांगर घेताना कोणी दुकानाच्या फरशीवर ओढून बघतो का? बैलबाजारात म्हातारा शेतकरीसुद्धा बैल चालवून, दात बघून घेतो. इथे सरकारी पैशाने टॅबची खरेदी झाली आणि एकालाही वाटलं नाही की त्यातला एक टॅब घेऊन शेवटच्या वाडीपर्यंत जाऊन यावं.

साहेबांची चार उत्तरं

मी दोन वेळा कार्यालयात जाऊन आलो. कोणाशी भांडलो नाही, कागद घेऊन गेलो होतो. तिथे चार उत्तरं मिळाली. चारही तुमच्यासमोर ठेवतो.

पहिलं उत्तर, ‘पावसाळा आहे, ढगांमुळे जीपीएस येत नाही.’ जीपीएसच्या लहरींना ढगांचा आणि पावसाचा फारसा त्रास होत नाही. विमानं, जहाजं भर पावसाळ्यात त्याच्यावर चालतात. त्रास होतो तो डोक्यावरच्या स्लॅबचा, पत्र्याचा, अरुंद घळीचा आणि थोडाफार गच्च ओल्या झाडीचा. अंगणात आलं की तो प्रश्न सुटतो. आणि ढगांचं कारण खरं मानलं, तरी त्या ढगांचा खुलासा ताईंनी द्यायचा का?

दुसरं उत्तर, ‘तिकडे रेंज नसते.’ वर लिहिलंय, जागा शोधायला रेंज लागत नाही. नोंद वर पाठवायला लागते. चांगलं ॲप जागा आणि वेळ टॅबमध्येच साठवून ठेवतं आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवतं. रेंज नसलेल्या गावांसाठी बनवलेलं ॲप रेंज मागत असेल तर दोष गावाचा नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त लागलं. ‘या बायकांना टॅब हाताळता येत नाही हो.’ साहेब, याच बायका फोनवरून पैसे पाठवतात, बचत गटाचा हिशेब ठेवतात, पोराचे ऑनलाइन फॉर्म भरतात. माझ्या दुकानात येऊन मला सांगतात की ‘दादा, कॅश क्लिअर केलं, रिस्टार्ट केलं, परवानगी पण दिली, तरी येत नाही.’ यापुढे त्यांनी काय करायचं? सोल्डरिंग शिकायचं?

चौथं उत्तर, ‘मग स्वतःचा मोबाइल वापरा.’ म्हणजे सरकारने जीपीएस नसलेला टॅब घ्यायचा आणि ताईंनी तुटपुंज्या मानधनातून घेतलेला मोबाइल, स्वतःची बॅटरी, स्वतःचा डेटा सरकारी कामाला लावायचा. बरं, तो खराब झाला तर भरपाई कोण देणार? या प्रश्नावर चहा आला.

एक शहाणा पर्याय मी सुचवला होता. बाजारात ब्लूटूथवर चालणारे वेगळे जीपीएस रिसीव्हर मिळतात, ते टॅबला जोडता येतात. पण अँड्रॉइडवर बाहेरचा रिसीव्हर सहसा ‘मॉक लोकेशन’ या सेटिंगमधूनच जोडावा लागतो, आणि खोटं लोकेशन पकडण्यासाठी ॲपवाले नेमकं तेच सेटिंग अडवतात. मी इथे करून बघितलं, ॲपने लगेच लाल पट्टी दाखवली. म्हणजे टॅबमध्ये जीपीएस नाही म्हणून पदरच्या पैशाने खरं जीपीएस जोडलं तर फसवणुकीचा शिक्का. यापेक्षा मोठा विनोद मी तरी पाहिलेला नाही.

‘पण लोक खोट्या नोंदी करतात, त्याचं काय?’

हा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. घरी बसून फॉर्म भरणारे असतात. न गेलेल्या गावाची फिरती दाखवणारे असतात, आणि त्यात मानधनवाल्यांपेक्षा पगारवाले कमी नसतात. आपल्याच तालुक्यात कागदावर झालेल्या भेटी आपण पाहिल्यात. देखरेख हवीच. मी तिच्या विरोधात नाही.

पण देखरेख करायची तर मोजणारं माप खरं हवं. किराणा दुकानातल्या काट्याची पडताळणी होते, त्यावर शिक्का असतो. शिक्का नसेल तर वजनमापवाले दुकानदाराला धरतात, गिऱ्हाइकाला धरत नाहीत. इथे ज्या काट्यावर ताईंचं मानधन मोजलं जातंय त्या काट्याला पारडंच नाही, आणि धरलंय गिऱ्हाइकाला.

शिवाय नुसत्या लोकेशनने लबाडी थांबते हाही भ्रम आहे. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर हजेरी सक्तीची झाली, रोज मजुरांचे जिओ टॅग केलेले दोन फोटो. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं की असंबद्ध फोटो टाकले जातायत, फोटोचेच फोटो काढले जातायत, म्हणून माणसांनी बसून तपासणी करा. ज्याला लबाडी करायची तो वाट काढतो. अडकतो तो सरळ माणूस, ज्याचं ॲप त्या दिवशी उघडलं नाही.

हा फक्त ताईंचा प्रश्न नाही

घरकुलाचा पुढचा हप्ता मिळायला बांधकामाच्या टप्प्याचा जिओ टॅग केलेला फोटो लागतो. फोटो काढणाऱ्याच्या यंत्राने जागा चुकवली तर घर भलतीकडे दिसतं आणि हप्ता अडकतो. पाया भरून बसलेला माणूस सळई कशाने घेणार?

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली. शेतात उभं राहून, लोकेशन चालू ठेवून पिकाचा फोटो टाकायचा. कल्पना चांगली आहे, तलाठ्याच्या मागे फिरणं कमी झालं, हे मान्य. पण ज्याच्या मोबाइलचं लोकेशन शेजारच्या गटात पडतं, त्याचं काय होतं ते सोयाबीन आणि भातवाल्यांनी कमेंटमध्ये लिहावं. सात-बारावर पिकाची नोंद नसेल तर अनुदान आणि सरकारी खरेदीच्या वेळी काय हाल होतात ते मी वेगळं सांगायला नको.

२०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं होतं, आठवतंय? मोबाइल निकृष्ट आहेत, गरम होतात, ॲप चालत नाही, दुरुस्तीचा खर्च आमच्यावर पडतो, ही त्यांची तक्रार होती. तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी नाक मुरडलं, ‘फुकटचा मोबाइल मिळाला तरी यांची कुरकुर.’ आज तेच दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या यंत्रावर चालू आहे. खरेदी करणारा बदलत नाही, वापरणाऱ्याला दोष देणं बदलत नाही.

ज्यांच्याकडे टॅब आहे त्यांनी हे करा

क्रमाने करा, एकही पायरी सोडू नका.

१. टॅबची तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे का ते बघा. चुकीच्या वेळेमुळेही घोळ होतो.

२. लोकेशन चालू करा. ॲपच्या परवानगीत जाऊन ‘अचूक लोकेशन’ चालू आहे याची खात्री करा. बॅटरी सेव्हर बंद करा.

३. धातूची पट्टी किंवा लोहचुंबक असलेलं जाड कव्हर असेल तर काढून बघा.

४. प्ले स्टोअरवरून उपग्रह दाखवणारं कुठलंही मोफत जीपीएस तपासणी ॲप घ्या. अंगणात, मोकळ्या आकाशाखाली टॅब पंधरा मिनिटं ठेवा. शेजारी चालू स्थितीतला एक मोबाइल ठेवा.

५. उपग्रह दिसतात आणि जागाही येते, पण सरकारी ॲपमध्येच येत नाही? मग दोष ॲपचा. उपग्रह दिसतात पण रेघा फार छोट्या आहेत? मग अँटेनाचा दोष असू शकतो, तो दुरुस्त होतो. शेजारच्या मोबाइलवर दिसतात आणि टॅबवर एकही नाही? मग टॅबमध्ये जीपीएस एक तर नाहीच, नाहीतर पूर्ण मेलंय. मॉडेल नंबर टाकून माहितीपत्रक बघा, कळेल.

६. प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट काढा. टॅब आणि मोबाइल शेजारी ठेवून एक फोटो काढा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोंडी सांगू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मॅडम, टॅब चालत नाही’ टाकलं की खाली वीस ‘गुड मॉर्निंग’ येतात आणि मेसेज वर निघून जातो. साध्या कागदावर अर्ज लिहा, टॅबचा मॉडेल आणि सिरियल नंबर टाका, फोटो जोडा, आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. नोटीस येईल तेव्हा तो एक नंबर तुमच्या बाजूने बोलेल. जे फिरतीला गेले त्यांनी त्या घरच्या माणसाची सही किंवा अंगठा वहीत घ्या, तारीख-वेळेसह. जुनी पद्धत आहे, पण तिला रेंज लागत नाही.

टॅब तपासायचा असेल तर दुकानात या. तपासणीचे पैसे घेणार नाही. काय निघालं ते दुकानाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लिहून देईन, तुमच्या बाजूने असो वा विरोधात.

माहिती अधिकारात काय विचारायचं

टॅब जनतेच्या पैशाने घेतले, मग कागद बघायचा हक्क जनतेला आहे. माहिती अधिकार कायदा, २००५. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून मोजकं लिहा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. मी स्वतः अर्ज टाकला आहे. त्यातले पाच प्रश्न असे:

१. टॅब खरेदीच्या निविदेतल्या तांत्रिक अटींची प्रत. जीपीएस असणं बंधनकारक होतं का?

२. पुरवठादाराने दिलेल्या टॅबच्या मॉडेलचं माहितीपत्रक.

३. माल ताब्यात घेताना केलेल्या तपासणीचा अहवाल आणि त्यावर सही करणाऱ्याचं पदनाम.

४. वाटपापूर्वी प्रत्यक्ष गावात चाचणी घेतली असल्यास तारीख आणि गाव.

५. वॉरंटीचा कालावधी आणि दुरुस्ती कुठे करून मिळणार त्याचा पत्ता.

यातून दोनच गोष्टी निघू शकतात. निविदेत जीपीएसची अट होती आणि पुरवठादाराने बिनजीपीएसचा माल टाकला, तर माल तपासून ‘ठीक’ अशी सही कोणी केली? आणि अटच नव्हती, तर लोकेशनची सक्ती करणारं ॲप आणि जीपीएसची अट नसलेली खरेदी एकाच खात्यात कशी झाली? ॲपवाल्या टेबलाने खरेदीवाल्या टेबलाला कधी विचारलंच नाही का? दोन्ही टेबलांमध्ये अंतर किती, दहा फूट? तेवढं मोजायला तर जीपीएसही लागत नाही.

मागण्या

एक, आतापर्यंत दिलेल्या सगळ्या नोटिसा टॅबची तांत्रिक तपासणी होईपर्यंत स्थगित करा आणि कापलेलं मानधन परत करा.

दोन, ‘लोकेशन आलं नाही’ एवढ्याच कारणावरून यापुढे कोणाचंही मानधन कापू नका. ॲपमध्ये ‘यंत्र नादुरुस्त’ असा पर्याय द्या आणि त्या नोंदीची पडताळणी पर्यवेक्षकांनी गावात जाऊन करावी. त्यांना त्याचाच पगार आहे.

तीन, बिनजीपीएसचे टॅब बदलून द्या. पुरवठादाराची चूक असेल तर त्याच्या खर्चाने, सहीवाल्याची असेल तर त्याच्याकडून वसूल करून.

चार, पुढच्या खरेदीआधी एक टॅब शेवटच्या वाडीवर नेऊन चालवून बघा. सोबत दोन ताईंना न्या. तपासणी अहवालावर त्यांचीही सही घ्या.

यातली एकही मागणी अवघड नाही, आणि नोटिसा मागे घेण्याला तर एक रुपयाही लागत नाही.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही काही जण निवेदन घेऊन कार्यालयात जाणार आहोत. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. आठ टॅब, एक जुना मोबाइल आणि कार्यालयासमोरचं मोकळं अंगण. साहेबांनी बाहेर येऊन पंधरा मिनिटं आमच्यासोबत उभं राहावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. उपग्रह दिसले तर मी तिथेच सगळ्यांसमोर माफी मागेन.

ज्यांना येणं शक्य आहे त्यांनी या. ज्या ताईंना भीती वाटते त्यांनी येऊ नका, फक्त अर्जाची प्रत पोहोचवा, बाकीचं आम्ही बघू. पोस्ट शेअर करा, विशेषतः पंचायतीच्या ग्रुपवर.